योजनेचं कार्ड कपाटात आहे, पण ‘आपला डॉक्टर’ कुठे आहे?

मयेकाठची

यंदा चवथीला धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं इंग्लंडमधल्या स्विंडनहून आली होती. (स्विंडन म्हणजे काय ते गोव्यात सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला अर्धा गाव तिथेच भेटतो म्हणे.) पंचमीला धाकट्या पुतण्याला ताप भरला. जावेने सहज विचारलं, “तुमचा जीपी कोण?” (जीपी म्हणजे तिकडचा घरचा डॉक्टर.) मी म्हटलं, “कशासाठी हवाय त्यावर आहे.”

ती हसली आणि मी मोजायला बसले. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर डिचोलीला, साखर म्हापशाला, गुडघे फोंड्याला, डोळे पणजीला. चार डॉक्टर, चार फायली, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. गेल्या वर्षी याचं फळ मिळालं. दोन डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचं अ‍ॅम्लोडिपीनच दिलं होतं, दोन वेगळ्या कंपन्यांचं, वेगळ्या नावांनी. सासरे दोन्ही गोळ्या नेमाने घ्यायचे. पाय सुजले. सुजेसाठी तिसऱ्या डॉक्टरने लघवीची गोळी दिली. मग उठताना चक्कर. शेवटी आमच्या फार्मसीवाल्याने दोन स्ट्रिपा शेजारी ठेवून दाखवल्या, “वहिनी, हे एकच औषध आहे.” तिन्ही डॉक्टर चांगले आहेत हो. प्रत्येकाने आपापल्या पुढ्यातला तुकडा बरोबर पाहिला.

स्विंडनला म्हणे प्रत्येक माणसाचं नाव एका सर्जरीत नोंदलेलं असतं. (सर्जरी म्हणजे तिथला दवाखाना. दिराने पहिल्यांदा फोनवर ‘सर्जरीत चाललोय’ म्हटलं तेव्हा सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते.) तपासणीला पैसे नाहीत. स्पेशालिस्टकडे जायचं तर चिठ्ठी तिथूनच, आणि स्पेशालिस्टचं पत्र परत तिथेच येतं. सगळी फाईल एका जागी.

आपल्याकडे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. उत्तम आहे, नाव ठेवत नाही. पण ती अ‍ॅडमिट झाल्यावर कामाची. माणूस अ‍ॅडमिट होऊ नये म्हणून ज्याने लक्ष ठेवायचं, तो कुणाच्याच नावावर नाही. गोव्यासारख्या एवढ्याशा राज्यात प्रत्येक घराची एका डॉक्टरकडे नोंद करणं, सरकारी असो वा खासगी, एवढं अवघड आहे का?

तुषार ताळगाव

बाय, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण औषध भलतंच सुचवताय.

माझा मावसभाऊ लेस्टरला आहे. त्याचंही नाव नोंदलेलं आहे, अगदी व्यवस्थित. सकाळी आठला फोन लाइन उघडते, आठ वाजून दहा मिनिटांनी त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपतात. गुडघा दुखत होता तर आधी फिजिओ, मग वाट बघा, मग पत्र येईल. पत्र येईपर्यंत नाताळ आला, तो गोव्यात आला, सोमवारी सकाळी एमआरआय केला आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन मिरामारला फिरायला गेला.

इंग्लंडमध्ये एका पूर्णवेळ जीपीच्या वाट्याला २२०० हून जास्त माणसं येतात. डॉक्टर नावावर असणं वेगळं आणि डॉक्टर भेटणं वेगळं. मला आज ताप आला तर आज संध्याकाळी तीनशे रुपयांत डॉक्टर भेटतो, आणि तो पटला नाही तर उद्या दुसरा. हे स्वातंत्र्य गहाण टाकून मला ‘नोंद’ नको आहे.

पात्रांव

माझी बहीण हॉलंडात आहे. तिथला घरचा डॉक्टर, हाउसआर्ट्स म्हणतात त्याला, काहीही सांगा, म्हणतो पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्याने फोन करा. बहिणीने एकदा विचारलं, “आठवड्याने काय होईल?” तो म्हणाला, “बहुतेक बरं वाटेल.” आणि वाटलं हो! चीड त्याचीच आली.

लिस्बनची लेक

मी मूळची पेडण्याची, गेली अकरा वर्षं लिस्बनजवळ. धाग्यात पोर्तुगालचं नाव निघाल्याशिवाय राहणार नव्हतं, म्हणून मीच काढते.

इथली सार्वजनिक आरोग्य सेवा १९७९ च्या कायद्याने उभी राहिली. प्रत्येकाला नंबर, आणि भागातल्या आरोग्य केंद्रात ‘मेदिको द फामिलिया’, म्हणजे फॅमिली डॉक्टर. हा कागदावरचा हक्क. प्रत्यक्षात आज पंधरा लाखांहून जास्त लोकांना तो नेमूनच दिलेला नाही, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या वर. सगळ्यात वाईट हाल लिस्बनच्या पट्ट्यात. जुने डॉक्टर निवृत्त होतात, नवे खासगीत जातात नाहीतर देश सोडतात. मला स्वतःला चार वर्षं नव्हता. तोवर काही झालं की २४ तासांच्या आरोग्य फोनलाइनवर नर्सशी बोलायचं, ती सांगेल तिथे जायचं.

मयेकाठच्या बायना एवढंच सांगते: नोंद म्हणजे यादी. यादी करायला कारकून पुरतो, पण तिच्या टोकाला डॉक्टर लागतो.

पण तुषारबाब, दुसरी बाजूही ऐका. आता मला डॉक्टर मिळालाय, तोही कुटुंब आरोग्य युनिटमध्ये. हे २००६-०७ पासून सुरू झाले. तिथे डॉक्टर, नर्स आणि कचेरीतली माणसं यांची एक टोळी असते. माझी डॉक्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली तर शेजारच्या खोलीतल्याने माझी फाईल उघडली, पहिल्यापासून काहीही सांगावं लागलं नाही. आई पेडण्यात दर डॉक्टरला आपली कहाणी बेचाळीस सालापासून सांगते.

डॉक्टर, वाळपई

मी सत्तरी तालुक्यात सत्तावीस वर्षं दवाखाना चालवतो. टेबलाच्या पलीकडून दोन गोष्टी.

पहिली पैशाची, कारण बाकी सगळं तिच्यातून निघतं. माझ्याकडे पेशंट आला तर मला पैसे, नाही आला तर नाही. पेशंट निरोगी राहिला तर माझं नुकसान. मी लोभी आहे असं नव्हे, हिशेबच तसा मांडलेला आहे. आणि तीनशे रुपये देणाऱ्याला हातात काहीतरी हवं असतं. “काही नाही, व्हायरल आहे, पेज खा आणि झोप” म्हटलं तर तो बाहेर जाऊन सांगतो, दोतोराक काय कळना. म्हणून सलाईन, म्हणून इंजेक्शन. पात्रांवच्या बहिणीचा डच डॉक्टर पॅरासिटामॉलवर थांबू शकतो, कारण पेशंट रागावून शेजारच्या दवाखान्यात जाईल ही भीती त्याला नाही.

ब्रिटनमध्ये उत्पन्नाचा मोठा भाग यादीतल्या माणसांवर मिळतो, ती येवोत न येवोत. त्याचा उलटा तोटा म्हणजे पेशंट न आलेलाच बरा असं वाटू शकतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी २००४ मध्ये गुणांची पद्धत आणली: इतक्यांचं ब्लडप्रेशर आटोक्यात तर इतके पैसे. मग डॉक्टर पेशंटकडे न बघता संगणकावरच्या चौकोनांत खुणा करायला लागले, अशी तिकडच्याच डॉक्टरांची तक्रार. पैसे कसेही द्या, कुठेतरी पाणी मुरतंच.

दुसरी गोष्ट ओळखीची. २०१५ पासून आमच्या सत्तरीत माकडताप आहे. गोचिडीमुळे होतो, आणि काजूच्या दिवसांत लोक बागायतीत जातात तेव्हा जोर धरतो. फेब्रुवारीत एखादा माणूस ताप आणि अंगदुखी घेऊन येतो. त्याची बागायत कुठे आहे, गेल्या आठवड्यात त्या बाजूला माकड मेलं का, हे मला माहीत असतं. हाच माणूस शहरात अनोळखी ठिकाणी गेला तर तो ‘ताप, दिवस तिसरा’ एवढाच असतो. ही माहिती कुठल्याही फायलीत नसते. ती एकाच जागी पुष्कळ वर्षं बसल्याने मिळते.

तुषार, तुमच्या मावसभावाच्या एमआरआयमध्ये काय निघालं?

तुषार ताळगाव

मिनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, छोटी फाट.

डॉक्टर, वाळपई

आणि उपचार?

तुषार ताळगाव

फिजिओ. 🙂 बरं, हा गुण तुमचा. पण त्याला झोप तर लागली ना? माणसाला आपल्याला काय झालंय ते कळण्याचा हक्क आहे.

डॉक्टर, वाळपई

आहे. मात्र पंचेचाळिशीनंतर ज्यांचा गुडघा अजिबात दुखत नाही त्यांच्याही एमआरआयमध्ये अशा फाटी सर्रास दिसतात. झोप लागली हे चांगलंच. काहींची त्याच रिपोर्टने उडते आणि ते ऑपरेशन टेबलावर पोचतात.

मयेकाठची

रात्री हिशेब केला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. एका डॉक्टरला दोन हजार माणसं धरली तर साधारण ७३० डॉक्टर पुरे. एवढे तर आपल्याकडे असतीलच की!

तुषार ताळगाव

असतील, पण बसतात कुठे? पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा. सांगे, काणकोण, सत्तरीला पाठवणार कसे? लिस्बनच्या बायनी सांगितलंच आहे. आणि तुमच्या ७३० मध्ये होमिओपॅथ धरले की नाही? आमच्या वाड्यावरचा ‘फॅमिली डॉक्टर’ पाटीवर होमिओपॅथ आहे आणि ड्रॉवरमध्ये सगळी अ‍ॅलोपॅथी. माणूस देवासारखा, रात्री दोनला दार उघडतो. त्याच्या यादीत नाव घालाल?

मयेकाठची

याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमचा डिचोलीचा डॉक्टरही आयुर्वेदाचाच, शिरोड्याच्या कॉलेजचा, आणि चौघांत सासऱ्यांचा विश्वास त्याच्यावरच.

फोंड्याची मामी

तुम्ही सगळी शिकलेली माणसं इंग्लंड-पोर्तुगाल फिरून आलात, वाटेत आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुणाला दिसलं नाही. मी तेहतीस वर्षं सरकारी नर्स होते, त्यातली वीस उपकेंद्रावर. आमच्या रजिस्टरात प्रत्येक घर होतं. कोण गरोदर, कुणाचं लसीकरण राहिलं, कुणाच्या घरात क्षय. नोंद-नोंद काय म्हणता? नोंद होती! तुम्ही येत नव्हता. गरिबांनी यायचं, तुम्ही गाडी काढून थेट बांबोळीला. साध्या तापासाठीही गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. मग तिथे गर्दी म्हणून तुम्हीच ओरडायचं.

क्यूबात १९८४ पासून डॉक्टर आणि नर्सची जोडी वस्तीतच ठेवली. खाली दवाखाना, वर डॉक्टरचं घर. ब्राझीलने १९९४ पासून पथकं केली, त्यात त्याच वस्तीतली आरोग्यसेविका घरोघरी जाते. आम्ही काही वेगळं करत होतो का? फरक इतकाच की आमचं रजिस्टर बाळंतपणं आणि लसीपुरतं. साठीच्या म्हाताऱ्याला त्यात रकानाच नव्हता. हल्ली साखर-बीपी तपासतात, पण आमच्या काळात सवय लावली ती आयांना. बाप्यांना नाही.

आणि एक, डॉक्टरची बदली. नवीन मेडिकल ऑफिसर येतो, त्याला गावातले कुत्रे ओळखायला लागतात तेवढ्यात ऑर्डर येते. मी तिथेच, डॉक्टर सात झाले. वाळपईचे डॉक्टर म्हणतात ती ओळख सरकारी केंद्रात कुणाकडे असेल तर ती सिस्टरकडे.

तुषार ताळगाव

मामी, टोला मान्य. मी ताळगावात राहून गावच्या केंद्रात लस सोडून कशासाठीच गेलो नाही.

पण मुद्दा सोडत नाही. सगळे दाखले अशा देशांचे देताय जिथे दारावर राखणदार बसवला आहे: आधी याला विचारा, मग आत. जर्मनी बघा. १८८३ पासून विमा आहे, श्रीमंत देश आहे, आणि कार्ड घेऊन माणूस बहुतेक स्पेशालिस्टकडे थेट जाऊ शकतो. कोसळला का?

लिस्बनची लेक

कोसळला नाही, दमला आहे. जर्मन माणूस वर्षाला सरासरी नऊ-दहा वेळा डॉक्टरकडे जातो, स्वीडनमध्ये याच्या तिसरा हिस्साही नाही. ही धावाधाव कमी करायला त्यांनी २००४ मध्ये तिमाहीला दहा युरो फी लावली. लोक वैतागले, धावाधाव तशीच, २०१२ अखेर फी रद्द. आणि २०२५ मध्ये आलेल्या सरकारच्या करारात काय आहे? लोकांनी आधी घरच्या डॉक्टरकडे जावं अशी पद्धत आणायची. तुमचा जर्मनी मयेकाठच्या बायच्या बाजूला सरकतोय, तुषारबाब.

पात्रांव

तुषार जर्मनीहून परत आला. आता कुठे पाठवायचा?

तुषार ताळगाव

फ्रान्सला पाठवा, तिथे वाइन तरी बरी आहे.

लिस्बनची लेक

थट्टेत म्हणालात, पण फ्रान्सचंच तुम्हाला पटेल. तिथे तुम्ही तुमचा डॉक्टर निवडून नाव कळवता, हवा तेव्हा बदलता. स्पेशालिस्टकडे थेट गेलात तरी कुणी अडवत नाही. फक्त घरच्या डॉक्टरमार्फत गेलात तर विमा ७० टक्के परत देतो, टाळून गेलात तर ३० टक्के. साध्या तपासणीची फी २०२४ च्या डिसेंबरपासून ३० युरो. दार उघडं आहे, उंबरठा तेवढा उंच केलाय. अर्थात गावाकडे डॉक्टर मिळत नाही ही बोंब तिथेही आहेच.

मयेकाठची

हे गोव्यात जमण्यासारखं आहे! दीनदयाळ कार्डावरच घरच्या डॉक्टरचं नाव छापायचं. त्याला वर्षाला माणशी ठरावीक रक्कम. सक्ती कुणावर नाही, पण त्याच्या चिठ्ठीने गेलात तर गोमेकॉच्या ओपीडीत वेगळी रांग.

तुषार ताळगाव

वेगळी रांग म्हणजे नवा वशिला. आज नगरसेवकाची चिठ्ठी लागते, उद्या डॉक्टरची.

डॉक्टर, वाळपई

ही भीती रास्त आहे. पण चिठ्ठीत फरक असतो. नगरसेवकाच्या चिठ्ठीत ‘आपला माणूस’ एवढंच असतं. माझ्या चिठ्ठीत औषधं, अ‍ॅलर्जी, आधीचे रिपोर्ट असतात आणि परत येताना मला उत्तर हवं असतं. आज ते येत नाही. पेशंट डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून आणतो, तेही आणलं तर.

छोटं राज्य असल्याचा फायदा आपण एका ठिकाणी घेतला आहे. छातीत दुखत असेल तर आरोग्य केंद्रात ईसीजी काढतात, तो गोमेकॉतले हृदयविकारतज्ज्ञ बघतात, आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन केंद्रातच देऊन मग १०८ मधून पाठवतात. म्हणजे केंद्र आणि बांबोळी एकमेकांशी बोलू शकतात. हे हृदयाच्या झटक्याला जमतं तर मयेकाठच्यांच्या सासऱ्यांच्या गोळ्यांना का नाही?

ओळखीचा उपयोग काय, असं कुणी विचारेल म्हणून: नॉर्वेत २००१ पासून प्रत्येकाला नेमलेला डॉक्टर आहे. तिथे सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त राहिलेल्यांमध्ये, नुकतंच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, तातडीने अ‍ॅडमिट होण्याची आणि मृत्यूची शक्यता साधारण एक चतुर्थांशाने कमी आढळली.

तुषार ताळगाव

डॉक्टर, इथे मी मानणार नाही. पंधरा वर्षं एकाच डॉक्टरकडे राहतो कोण? ज्याचं घर स्थिर, नोकरी स्थिर, डोकं स्थिर. तो तसाही जास्त जगणार. त्यात डॉक्टरचं काय कौतुक?

डॉक्टर, वाळपई

वय, शिक्षण, आधीचे आजार त्यांनी हिशेबात घेतले होते. आणि फायदा पंधराव्या वर्षी अचानक उगवला नाही, वर्षांबरोबर चढत गेला. तरी तुमची शंका पूर्ण खोडता येत नाही, हे खरं. असा प्रयोग करायचा तर अर्ध्या लोकांचे डॉक्टर दरवर्षी मुद्दाम बदलावे लागतील.

फोंड्याची मामी

तो प्रयोग आपलं आरोग्य खातं कधीपासून करतंय!

पात्रांव

मामी 🙏

तुषार ताळगाव

मामींपुढे शस्त्रं ठेवली. पण माझं मत लिहून ठेवा: सक्ती आली की मी कोर्टात. ऐच्छिक असेल, आणि डॉक्टर बदलायला अर्ज-विनंत्या लागणार नसतील, तर मी स्वतः नाव घालून बघेन. ताळगावच्या सरकारी केंद्रात.

आणि मयेकाठच्या बाय, कार्डावर नाव छापून यायला अजून चार निवडणुका जातील. तोवर सासऱ्यांच्या गोळ्यांचं काय?

मयेकाठची

डिचोलीच्या डॉक्टरसमोर चारही फायली आणि सगळ्या स्ट्रिपा टेबलावर ओतल्या. अर्धा तास दिला बिचाऱ्याने, फी तेवढीच. अकरा गोळ्यांच्या सहा झाल्या. सासरे मात्र नाराज आहेत, म्हणतात चार डॉक्टरांची मेहनत याने पाण्यात घातली.

यादी फार्मसीवाल्याने आपल्या वहीत उतरवून घेतली आहे. नवीन गोळी कुणीही लिहून दिली की आधी वही उघडतो, मग स्ट्रिप कापतो. फक्त दुपारी एक ते चार बंद असतो.